वडाळकरबुवांच्या गाडीतला गारवा

माझे वडील ज्या कीर्तनाला गेले होते ते अजून संपलेलं नाही, त्यामुळे ते अजून घरी आलेले नाहीत. मी तेव्हा चौथीत होतो. आता माझ्या मिश्या पांढऱ्या झाल्या आहेत. राममंदिराच्या पटांगणात, पत्र्याच्या मांडवाखाली, पहिल्या ओळीत खांबाला लागून बाबा बसलेले आहेत. मांडी घातलेली, टोपी सरळ, हात टाळीसाठी उचललेले.

आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटत नाही. हरदासी कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एखादा विचार घेऊन त्याचं निरूपण करतात. मग थोडा विसावा. त्यांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि नंतर उत्तररंगात तोच विचार गोष्टीतून उलगडतो. बुवा विसावले असतील तेवढा वेळ श्रोत्यांनी रामनामाचा गजर चालू ठेवायचा आणि आरती झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, अशी रीत आहे. वडाळकरबुवा विसाव्याला गेले ते अजून यायचे आहेत, म्हणून गजर चालू आहे. शाळेतली मुलं त्या तालावर पाढे म्हणतात. पिठाची गिरणी बंद झाली की तो बाजारपेठेपर्यंत ऐकू येतो.

बुवा विसाव्याला आपल्या गाडीत जाऊन बसत. गाडी अमेरिकन बनावटीची, लांबलचक, सायीच्या रंगाची, वरून हिरवी. कापसाच्या एका व्यापाऱ्यानं बुवांचा गळा उन्हाळ्यात बसू नये म्हणून ती त्यांना दिली होती. तिचा एसी पुढे नाही, मागे डिकीत आहे. डिकीतून दोन पारदर्शक नळ्या मागच्या सीटच्या पाठीमागून छतापर्यंत चढतात आणि गारवा वरून डोक्यावर उतरतो. आम्ही पोरं काचेला नाक लावून त्या नळ्या बघायचो. अभिषेक असाच वरून होतो, असं मला वाटायचं. मी पुढे गाड्यांच्या एसीच्या धंद्यात का पडलो याचं कारण कुणी विचारलं तर मला दुसरं सांगता येणार नाही.

त्या दिवशी चैत्रातलं ऊन होतं. बुवा गळ्यात हार घालून मागच्या सीटवर बसले, दार लावून घेतलं, ड्रायव्हरनं इंजिन चालू करून पाठ फिरवली. थोड्या वेळानं इंजिन आचके देऊन बंद पडलं. दार उघडलं तर सीटवर हार होता आणि गाडीभर गारवा होता. बुवा नव्हते. मंडळींनी दार लगेच अलगद लावून घेतलं, गारवा वाया जाऊ नये म्हणून. त्यानंतर त्या दाराला कुणी हात लावलेला नाही. विसाव्यातल्या बुवांना कुणी हाक मारत नाही.

पूर्वरंगाच्या शेवटी बुवा म्हणाले होते की देव येतो तो तहानलेला येतो, आणि कुणाचा चेहरा घेऊन येईल हे सांगून येत नाही. आता उत्तररंगात, ओंजळीत पाणी धरून देवाची वाट बघत बसलेल्या बाईची गोष्ट सांगतो. एवढं सांगून ते गाडीकडे गेले. श्रोत्यांनी तेव्हापासून पाणी घेतलेलं नाही. ती बाई तिकडे ओंजळ धरून बसलेली असताना आपण इकडे तांब्या तोंडाला लावायचा, हे त्यांना बरं दिसत नाही. आई रोज डबा पाठवते. बाबा गजर मोडू न देता चार घास खातात. तांब्या भरलेलाच परत येतो.

म्हणून ते सगळे वाळत चालले आहेत. आधी पापडासारखे झाले, मग कागदासारखे. सकाळचं ऊन मांडवात तिरपं शिरलं की बाबांच्या छातीतून मागच्या खांबावरची रंगाची रेघ दिसते. गेल्या वैशाखात वावटळ आली आणि शेवटच्या ओळीतले टिकेकर मास्तर मांडीसकट उचलले गेले. पत्र्याला लागून क्षणभर थांबले, टाळी चुकवली नाही, आणि मग रेल्वेच्या यार्डाकडे निघून गेले. चष्मा तेवढा सापडला. तेव्हापासून ज्याला त्याला आपापल्या उपरण्यानं जवळच्या खांबाला बांधलेलं आहे. बाबांची गाठ मी रोज सकाळी तपासतो. उपरणं जुनं आहे, आणि बाबा यंदा इतके हलके झाले आहेत की गाठ घट्ट केली तर ते दुमडतात. पुढच्या वैशाखात ते मांडवात नसतील हे मला दिसत होतं, आईला दिसत होतं.

फाल्गुन संपता संपता कावेरीताई दुकानात आल्या. कावेरीताई म्हणजे बुवांची मुलगी. त्या बुवांच्या मागे झांज घेऊन उभ्या राहायच्या, ध्रुपद म्हणजे पालुपद धरायच्या. त्या साथीदार, श्रोत्या नव्हेत, म्हणून त्यांना उठता येतं, चालता येतं, म्हातारं होता येतं. खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी दुकानावरून नजर फिरवली.

"छान गारेगार करून घेतलंयस, अच्युता. आणि माझे वडील तिकडे उकाड्यात बसलेत."

मी म्हटलं, गाडीत कुणी नाही, सगळ्या गावाला माहीत आहे.

"तू बघितलंस?"

मी बघितलेलं नव्हतं.

"गळा गार झाल्याशिवाय ते उत्तररंगाला उभे राहायचे नाहीत. कधीच राहिले नाहीत. इंजिन बंद पडलं तेव्हा गळा अर्धाच गार झाला होता." त्यांनी पदरानं मान पुसली. गाडीचं इंजिन त्यांनी तीन मेस्त्रींकडून दुरुस्त करून घेतलं होतं, ते उत्तम चालत होतं, आणि तरी बुवा आलेले नव्हते. काल कुठं त्यांच्या लक्षात आलं होतं की अडलंय ते इंजिनात नाही.

"इतक्या वर्षांनी?" मी विचारलं.

"मी झांज वाजवणारी बाई. मला गाडीतलं काय कळतंय? तू तर एसीवाला. रोज त्या गाडीला वळसा घालून बापाची गाठ बघायला जातोस."

मी रीत पुढे केली. इंजिन पुढे आहे, पण बुवा विसावलेत त्या मागच्या बाजूला हात कसा लावायचा?

"विसाव्यातल्या बुवांना वारा घालायला कधी कुणी ना म्हटलंय का?" कावेरीताई म्हणाल्या, आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. बाबांबद्दल कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असतं, की कीर्तन संपलं की येतील, अर्धवट उठून येणाऱ्यातले ते नाहीत. हे ती अभिमानानं सांगते. त्या दिवशी मात्र तिनं सूप खाली ठेवलं.

"ते येतील तेव्हा मी जिवंत दिसले पाहिजे ना रे त्यांना," ती म्हणाली. "बघ काय होतंय."

दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन पटांगणात गेलो. आधी बाबांच्या चपला बघितल्या. मांडवाबाहेर सगळ्यांच्या चपला ओळीनं आहेत. लहानपणी बाबांच्या चपलेत माझे दोन्ही पाय मावायचे. मग एक मावू लागला. आता मावत नाही. मी त्यांच्यावरची धूळ झटकली आणि गाडीकडे गेलो.

डिकी उघडली. आतलं सगळं जागच्या जागी होतं. मोठा काळा डबा, त्यात थंडावा करणारी जाळी, तिच्या तोंडाशी व्हॉल्व्ह. तो सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातून गॅस सोडतो आणि सुटताना गॅस एकदम बर्फासारखा होतो. मागच्या सीटची पाठ मी काढून बाजूला ठेवली, कारण नळ्यांच्या तळापर्यंत हात पोचत नव्हता. आता डिकीतून थेट गाडीत दिसत होतं. सीटवर हार होता. झेंडूची फुलं ताजी होती.

मग दाब मोजायचा गेज लावला. इतक्या वर्षांत गॅस कधीच उडून जायला हवा होता, रबर तर हात लावताच भुगा होत होतं. पण काटा वर आला. वर येऊन थांबला नाही, हलू लागला. मी थोडा वेळ बघितलं आणि ओळखलं. काटा कीर्तनातल्या धुमाळीचा ठेका धरून हलत होता.

नळीचं तोंड मी अगदी किंचित सैल केलं. आतून गॅसच्या फुसकाऱ्याऐवजी गाणाऱ्याचा आकार आला. वडाळकरबुवांचा, खर्जातला, लवंगेच्या वासाचा. तो माझ्या मनगटावरून गेला तेव्हा केस उभे राहिले आणि त्यावर दव धरलं.

मांडवातला गजर थांबला.

चौथीपासून मी ती शांतता ऐकली नव्हती. देवळाच्या कळसावरचं कबुतर पंख मिटतं त्याचा आवाज मला आला. सगळ्या माना गाडीकडे वळल्या होत्या, कागद उलटावा तशी सळसळ झाली होती, आणि बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला ओळखलं असावं असं नाही. गोष्ट सुरू होणार की नाही, तेवढंच ते बघत होते. मी तोंड घट्ट केलं. आकार तुटला. गजर जिथं थांबला होता त्याच अक्षरापासून पुन्हा लागला.

मी देवळाच्या पायरीवर बसलो. तिथं कावेरीताई येऊन झांज पुसत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, पण त्यांचे ओठ हलत होते. त्या ध्रुपद धरत होत्या.

म्हणजे उत्तररंग आत होता. सगळाच्या सगळा, नळ्यांमध्ये, गॅस होऊन. आणि माझ्या कामाची पद्धत अशी की जुना एसी पुन्हा उभा करायचा तर आधी आतलं सगळं काढून घ्यावं लागतं. रबर बदलायचं, ओलावा शोषणारा ड्रायर बदलायचा, मग पंप लावून आतली हवा खेचून काढायची, ती इतकी की आत काहीच उरत नाही. मगच नवीन गॅस. आत हवा राहिली, आणि विशेषतः ओलावा राहिला, तर तो नेमका व्हॉल्व्हच्या भोकात जाऊन गोठतो आणि सगळं अडतं. माणसाचा एक श्वास पुरतो त्याला. नव्या पोराला मी हे पहिल्या दिवशी शिकवतो, की नळीशी बोलायचं नाही.

मी उत्तररंग रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला. सिलिंडर भरत गेला तसा गार झाला, आणि हलका. भरलेला सिलिंडर रिकाम्यापेक्षा हलका मी पहिल्यांदाच उचलला. तो गाडीपाशी ठेवायला मन होईना म्हणून घरी नेला. आईनं काही न विचारता त्याला हळदकुंकू लावलं आणि देवघरासमोर पाटावर ठेवलं. तिनं त्याला कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली.

"बाबांनी ऐकलं नाही, तोवर आपण ऐकू नये," ती शेवटी म्हणाली आणि बाजूला झाली.

मी रबरी नळ्या बदलल्या, पट्टा बदलला, साबणाच्या फेसानं एकेक सांधा तपासला. मग पंप लावला. पंप आतली हवा खेचू लागला आणि काटा शून्याखाली गेला. थोड्या वेळानं बाहेरचीही खेचली जाऊ लागली. मांडव चार पावलं जवळ आला. देऊळ जवळ आलं. रस्त्यावरच्या टांग्याची घंटी वाजली ती माझ्या कानात वाजली, आणि पिंपळाची पानं सगळी एका बाजूला, गाडीकडे, ओढल्यासारखी झाली. खांबाला बांधलेले श्रोते पतंगांसारखे गाडीच्या दिशेनं ताणले गेले. बाबांची गाठ धरून मी उभा राहिलो. उपरण्याचा एकेक धागा सुटताना दिसत होता. काटा तळाशी टेकल्यावर मी पंप बंद केला. सगळं होतं तिथंच राहिलं, जवळ. पटांगण आता आमच्या ओसरीएवढं होतं.

आईनं सिलिंडर स्वतः मांडीवर घेऊन रिक्षातून आणला आणि चपलांपाशी उभी राहिली. मांडवात आली नाही. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही, कारण बुवांची जागा दुसऱ्या बाजूला आहे.

गॅस भरण्याआधी एक काम करावं लागतं. सिलिंडरपासून गाडीपर्यंतच्या नळीत जी हवा अडकलेली असते ती घालवायला नळीचं टोक जरा सैल करायचं, पहिला फुसकारा बाहेर जाऊ द्यायचा आणि लगेच आवळायचं. हात आपोआप करतात. मी टोक सैल केलं, खाली वाकलो, आणि नळीतून वडाळकरबुवांनी उत्तररंगाचं नमन केलं. जानकीजीवनाचं स्मरण केलं.

त्यावर "जय जय राम" म्हणायचं असतं. मला बोलता येऊ लागलं तेव्हापासून मी ते म्हणत आलो आहे. कुठल्याही देवळावरून जाताना आतून स्मरण ऐकू आलं तर रस्त्यातून म्हणतो. सायकलवर असलो तरी म्हणतो.

मी म्हणालो. तोंड नळीपासून चार बोटांवर होतं, आत पोकळी होती, टोक सैल होतं. माझा "जय" आत गेला. तो गेलेला मला कळला, घशातून धागा ओढून घ्यावा तसा. "राम" मला म्हणता आलाच नाही, त्याच्यासाठी श्वास उरला नव्हता.

"काय झालं?" कावेरीताईंनी विचारलं.

मी नळी आवळली आणि म्हटलं, थोडा ओलावा गेला.

"तुझा?"

"माझा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मांडवाकडे. पिंपळाखालची धूळ गोल फिरू लागली होती. "आता काढत बसायला वेळ नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या सीटपाशी जाऊन झांज घेऊन उभ्या राहिल्या.

मी इंजिन चालू केलं. पारदर्शक नळ्यांत आधी धुकं चढलं, मग ते छतात पसरलं, आणि छतातून गारवा उतरला. गारव्याबरोबर आवाज उतरला. इतका आवाज एवढ्या गाडीत मावणार नव्हता, म्हणून गाडी लांबली. चारी दारं आपोआप उघडी झाली. मी पहिल्या ओळीपासून सगळ्यांची उपरणी सोडत गेलो, आणि श्रोते वाऱ्यावर न उडता त्या आवाजाच्या ओढीनं एकेक करून आत गेले आणि बसले. एक ओळ बसली की तिच्या मागे आणखी एका ओळीची जागा झालेली असायची. पेटीवाले आले, तबलजी आले. सगळा मांडव आत गेला तेव्हा पुढची काच इतकी लांब होती की तिथं उभ्या असलेल्या कावेरीताई मला बोटाएवढ्या दिसत होत्या. बाबा पहिल्या ओळीत होते, म्हणजे मागे डिकीपाशी उभ्या माझ्यापासून सर्वांत दूर. बाहेर वावटळ मांडवाचे पत्रे वाजवत निघून गेली आणि तिला उचलायला कुणी सापडलं नाही.

गारवा सगळ्यांच्या डोक्यावर उतरत होता. मी डोळे मिटून हात जोडले. असं कीर्तन मी ऐकलेलं नव्हतं. बुवा सांगत होते की त्या बाईचं गाव कोरडं होतं, आणि देवानं तिला निरोप धाडला होता की मी दुपारी येतो, तहानलेला येतो. तिनं झऱ्याच्या तळाशी जाऊन एक ओंजळ पाणी मिळवलं आणि दारात येऊन बसली. भांडं नव्हतं घरात. वासरू आलं, जीभ काढून उभं राहिलं. तिनं ओंजळ छातीशी धरली. वाटसरू आला, त्यानं हात जोडले. तिनं मान फिरवली. बुवांचा आवाज सांगता सांगता गाण्यात जात होता आणि गाण्यातून पुन्हा बोलण्यात येत होता, आणि कुणाच्याही डोळ्यांतून पाणी येत नव्हतं कारण कुणाच्या अंगात पाणी नव्हतं. ते नुसते थरथरत होते.

"मग दुपार कलली," बुवा म्हणाले, "आणि दारात—"

आवाज अडला. तुटला नाही, अडला. त्या एका अक्षरावर तो लांबत राहिला, बारीक होत गेला. नळ्यांतलं धुकं थांबलं. गाडी पुढच्या टोकाकडून आखडू लागली आणि पहिल्या ओळी एकमेकींवर दबल्या. एखादी वही मिटावी तसा आवाज झाला.

माझा श्वास व्हॉल्व्हपाशी पोचून गोठला होता.

मी डिकीत शिरलो. व्हॉल्व्हवर पांढरा शुभ्र बर्फ धरला होता, जाईच्या कळीएवढा. असं झालं की एकच उपाय असतो, बाहेरून ऊब द्यायची. कापड नव्हतं, गरम पाणी नव्हतं. मी त्याच्याभोवती दोन्ही तळवे धरले. हात भाजल्यासारखे झाले, मग बधिर झाले, आणि मग बर्फ सुटला. थेंब थेंब करून माझ्या ओंजळीत पाणी जमू लागलं.

"—दारात तिचंच माणूस उभं राहिलं," बुवा म्हणाले. गाडी पुन्हा लांबली.

नीट बसावं म्हणून मी जरा सरकलो, तेव्हा थोडं पाणी सांडलं. तत्क्षणी व्हॉल्व्ह पांढरा झाला आणि आवाज अडला. पुन्हा ओंजळ भरली तेव्हा सुटला. मी मुद्दाम दोन थेंब सांडून बघितले. तसंच झालं. ओंजळीत पाणी आहे तोवर गोष्ट पुढे जात होती. मग मी हललो नाही. डिकीला ते समजलं असावं. झाकण खाली आलं आणि माझ्या पाठीवर अलगद टेकलं. बाजूचे पत्रे खांद्यांना येऊन भिडले, गुडघे छातीशी आले. दुखत नव्हतं. शिंप्यानं माप घेतल्यासारखं ते सगळं माझ्याभोवती बसलं. बाहेर राहिले ते फक्त हात, आणि काढलेल्या सीटच्या जागेतून समोर दिसणारी ती लांबच लांब गाडी.

बुवा सांगत होते की त्या माणसाचे ओठ फाटलेले होते. तो कितीतरी वर्षांनी घरी आला होता. त्यानं काही मागितलं नाही. त्यानं फक्त ओंजळीकडे बघितलं. आणि बाईला कळेना, की देव अजून यायचा आहे की हाच तो आहे.

पहिल्या ओळीतून कुणीतरी उठलं.

कीर्तनात मधेच कुणी उठत नाही. कावेरीताईंची झांज चुकली, मी ती चुकलेली ऐकली. तो माणूस दोन ओळींच्या मधून मागे येऊ लागला. वाट लांब होती आणि तो चालायला विसरलेला होता. छतातून उतरणारा गारवा त्याच्यातून आरपार जात होता. टोपी सरळ होती. फाटलेलं उपरणं मागे लोळत होतं. तो येत असताना बसलेले श्रोते माना वळवत होते, आणि त्याच्या छातीतून मला त्यांचे चेहरे दिसत होते, एकामागून एक, सगळे त्याच तहानेचे.

उघड्या दारापाशी बाहेर आई उभी होती. तिच्या हातात बाबांच्या चपला होत्या. त्या तिनं खाली ठेवल्या, जोडीनं, तोंडं घराकडे करून.

बाबा सीटपाशी आले. हार त्यांनी हलक्या हातानं बाजूला केला आणि गुडघे टेकले. त्यांचा चेहरा माझ्या ओंजळीवर आला. मी चौथीत असताना होता तोच चेहरा, माझ्यापेक्षा तरुण. ओठांवर भेगा होत्या. पाण्यात तो उलटा दिसत होता आणि थेंब पडेल तसा हलत होता.

"मग तिनं काय केलं?" बाबांनी मला विचारलं.

छतातून बुवांनी श्वास घेतला. कावेरीताईंनी झांज उचलून धरली. बाबा वाकले, आणि त्यांची सावली ओंजळीतल्या पाण्यावर पडली.